बीपीचीच गोळी

मी आमच्या गावची आशाताई. म्हणजे जिच्या खांद्यावरची पिशवी पाहून लेकरं घरात पळतात न सुना बाहेर येतात, ती बाई. आमचं गाव शेलूबाजारपासून जीपनं पंधरा मिनिटं. कोणाचा खोकला जात नाही, कोणाच्या सासूचं बीपी वाढलं, कोणती नवी नवरी उलट्या करून राह्यली, हे त्या घरच्या माणसायच्या आदी मले ठाऊक असते. टीबीचा पेशंट असला की मी सकाळीच त्याच्या दारात उभी. "तोंड उघडा. टाका. पाणी प्या. आता जीभ वर करा." गालात दाबून ठेवणारे लय पाह्यले मी. एक बुडा चिडून म्हणे, "मागच्या जन्मी पोलिसात होती काय वं तू?" मी म्हटलं, "मागचा जन्म आमी मानत नाही, बाबा. गोळी गिळा." बुडा बरा झाला. आता मलेच सांगते, तुझ्या तोंडानं वाचलो म्हणून.

हे काहून सांगून राह्यली, तर मले माझ्या कामाचा भलता गर्व होता. गोळ्यायचं मले सगळं समजते, असं मले वाटे. लोकायले बी वाटे.

माझा नवरा शेलूबाजारात हमाल होता. सोयाबीनची पोती ट्रकमधी भरे. उंच, भरलेल्या छातीचा, हसरा माणूस. बिडी नाही, दारू नाही. आठ वर्षांमागं एका दुपारी त्यानं खांद्यावरचं पोतं खाली ठेवलं, संगच्या माणसाले म्हणाला, "जरा चक्कर येऊन राह्यली," न बसल्या जागीच गेला. छत्तीस वर्षांचा होता. कोणी म्हणे अटॅक, कोणी म्हणे ऊन लागलं. गावातल्या मयतायची नोंद मीच ठेवतो, तर त्याची बी मीच केली. कारणाच्या रकान्यात 'हृदयविकार' लिहिलं, रजिस्टर मिटलं न मंग रडली. पोरगी बारा वर्षांची होती. एकच लेकरू आमाले.

पोरगी बापावर गेली. तशीच उंच, तशीच लांब टांगांची. बारावी झाली न तिच्या डोक्यात पोलीस भरती बसली. आमच्या इकडं आता पोरी बी पहाटेच्या धावतात. गावातल्या पाच जणी हायवेच्या कडेनं धावत, अन् त्यात माझी सगळ्यायच्या पुढं. आठशे मीटर तर तिले काहीच वाटत नसे. घड्याळ लावून यायची न दारातूनच ओरडायची, "आई, अजून चार सेकंद कमी झाले!" मी म्हणो, "सेकंद खाशील काय? भाकर खा आदी." पण आतून मले भलतं बरं वाटे. वर्दीतली माझी पोरगी मी मनात किती तरी खेपा पाहून घेतली होती.

मंग एक दिवस म्हणे, "आई, जोरात धावलं की छातीत धडधड होते न डोळ्यापुढं काळं येते."

मी काय केलं असेल? लाल गोळी देल्ली. रक्त वाढवायची. आमच्या कामात कोणती बी पोरगी 'चक्कर येते' म्हणाली की आमचा हात आपोआप लाल गोळीवर जाते. तिचं रक्त तपासलं तर ते चांगलंच निघालं. तरी म्हटलं, असू दे, खाय, लोखंडानं कोणाचं वाईट होत नाही. सहा महिने माझ्या पोरीनं त्या गोळ्या खाल्ल्या न त्याच्या भरवशावर धावत राह्यली. दुसऱ्या कोणाची पोरगी असती, तर मी तिले एकदा तरी डॉक्टरकडं धाडलं असतं. घरच्या लेकराले मीच डॉक्टर.

शेवटी ती शाळेच्या मैदानावर पडली. तोंडावर पाणी मारलं तर उठून हसायले लागली. पण उपकेंद्रातल्या डॉक्टरबाईनं छातीले नळी लावली न त्यायचं तोंड उतरलं. म्हणाल्या, "ताई, हिच्या हृदयाचा आवाज वेगळा येतो. वाशिमला दाखवा." वाशिमवाल्यायनं अकोल्याले धाडलं. अकोल्यात इको झाला, म्हणजे पोटातलं बाळ पाहतात तसं हृदय टीव्हीवर पाह्यलं. डॉक्टर तरुण होता, बोलायले सभ्य. मशीन पुसता पुसता त्यानं इचारलं, "घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का?"

मी म्हटलं, "हिचा बाप."

त्याचा हात थांबला. त्या दिवशी, आठ वर्षांनी, मले समजलं का माझा नवरा कायनं मेला.

डॉक्टरनं कागदावर चित्र काढून सांगतलं. हृदयाचं मांस जाड होत जाते. मधली भिंत एवढी जाड झाली का आत रक्ताले जागा कमी, न बाहेर जायची वाट बी अरुंद. धावलं, घाबरलं, ठोके वाढले, की हृदय भरायच्या आतच पुन्हा दाबते, वाट बंद झाल्यासारखी होते न माणूस पडते. कधी उठते, कधी नाही. रक्तातच येते हे. आईबापातल्या एकाले असलं तर लेकराले यायची शक्यता अर्धी. म्हणजे छापा का काटा. मी त्या चित्राकडं पाहत होती न मनात नवऱ्याशी भांडत होती. उंची देल्ली, टांगा देल्ल्या, हसणं देल्लं, ठीक हाये बाप्पा, हे बी द्यायचं होतं काय? तुले तर तुझंच ठाऊक नव्हतं. कोणावर चिडू मी?

"बरं होईन ना जी?" मी इचारलं.

"बरं होत नाही, ताई. सांभाळायचं असतं."

गोळी लिहून देल्ली. रोज सकाळी एक, आयुष्यभर. तो म्हणाला, "ही तशी बीपीची गोळी आहे, पण हिला बीपी आहे म्हणून देत नाही. हिचं काम ठोके हळू करायचं. हृदयाला भरायला वेळ मिळाला पाहिजे. स्वतःहून बंद करायची नाही, एक दिवससुद्धा नाही. बदलायची असेल तर मला विचारायचं. पाणी भरपूर. उन्हात काम नाही. अन् धावणं बंद." त्या मांसावरच काम करणारं एक नवं औषध निघालं म्हणे, पण ते सगळ्यायले चालत नाही, चालू केलं तर घडीघडी इको करा लागते, अन् ते मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यायचं काम. आदी ही गोळी पाहू. छातीत मशीन बसवायचं बी तो बोलला, पण आताच नाही म्हणाला. मी मान हालवत होती. एवढ्या सगळ्यातून माझ्या डोक्यात पक्कं काय राह्यलं, तर 'बीपीची गोळी'. ते ओळखीचं होतं न. बीपीच्या गोळ्या मी गावात दर महिन्याले वाटतो.

पोरीनं 'धावणं बंद' एवढंच ऐकलं होतं.

तिथून आमच्या घरातल्या सकाळी बदलल्या. मी पाण्याचा पेला घेऊन तिच्या पुढं उभी राहो. कोरोनात आमाले बोटाले लावायचा चिमटा भेटला होता, तो लावून मी तिचे ठोके पाहो. सत्तर, मंग पासष्ट. डॉक्टरनं गोळी वाढवली, मंग छप्पन. आकडा कमी आला का मी खूश, न पोरगी मात्र विझत चालली. हात गार. दुपारी बी झोप. जिना नाही आमच्या घराले, पण दारातल्या तीन पायऱ्या चढून म्हणे, "पाय शिशाचे झाले, आई." डॉक्टरले सांगतलं तर तो म्हणे, "काही दिवस असं होतं, शरीर जुळवून घेतं." कोणाचं शरीर जुळवून घेते? वीस वर्षांची पोरगी ती. पहाटे बाकीच्या चौघी रस्त्यानं जात. चपला नाही, बूट वाजतात ते, धप धप धप. माझी डोळे मिटून पडून राहे, पण जागी असे. मी पाठीवर हात ठेवला की झटकून टाके.

एकदा म्हणाली, "बाबा एका मिनिटात गेले. मी रोज सकाळी एक गोळी जाऊन राह्यली."

थोबाडीत मारावं वाटलं मले. मारली नाही. चुलीपुढं जाऊन बसली न रडली. पोरीच्या पुढं रडायचं नाही असं ठरवलं होतं, तेवढं तरी पाळलं.

मार्चमधी भरतीचं हॉलतिकीट आलं. फॉर्म आदीच भरलेला होता. तिनं ते गादीखाली ठेवलं, मले ठाऊक होतं. मंग एक दिवस तीच म्हणे, "मी ग्राउंडले जाणार."

"मी मेल्यावर जाय."

"आठशे मीटर हाये फक्त."

"तुझ्या बापानं आठ पावलं बी टाकली नव्हती."

दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी जेवली, तर मले वाटलं मानलं तिनं.

रामनवमी आली. तेव्हा आमच्या भागातल्या साऱ्या जीपा, काळ्यापिवळ्या, ट्रॅव्हल्सा पोहरादेवीच्या यात्रेले लागतात. बंजारा समाजाचे लोक कुठून कुठून येतात. त्या चार-पाच दिवसांत शेलूबाजारले जायचं म्हटलं तरी कोणाच्या मोटरसायकलवर मागं बसून जा. अन् नेमकी त्यातच पोरीच्या गोळ्यायची पट्टी सरली. चूक माझीच. दुसऱ्यायच्या पट्ट्या मोजणारी मी, घरची पाह्यली नाही. मेडिकलवाल्याले फोन केला. तो म्हणे, "ताई, ती पॉवर तुमच्यासाठीच मागवतो, वाशिमहून माल यायचा हाये. गाड्या नाहीत. परवा-तेरवा देतो."

मी फोन ठेवला न माझी नजर माझ्या पिशवीवर गेली. पिशवीत गावातल्या बीपीवाल्यायसाठी आलेल्या गोळ्या होत्या. बारीक, पांढऱ्या. बारा जण खातात त्या माझ्या हातानं, सगळे ठणठणीत. मी उभ्या उभ्या इचार केला. डॉक्टर म्हणाला होता, एक दिवस बी बंद नाही. बंद ठेवण्यापेक्षा ही बरी. ती बी बीपीची, ही बी बीपीची. नाव वेगळं, कंपनी वेगळी, काम तेच. फोन लावू काय डॉक्टरले? मंग वाटलं, यात्रेच्या सुट्टीत कायले तरास द्यायचा त्या माणसाले. आपल्याले एवढं समजत नाही काय?

तीन सकाळी मी पोरीले ती गोळी देल्ली. तिनं पाह्यलं बी नाही, गिळली. तिच्यासाठी गोळी म्हणजे गोळी.

अन् काय सांगू, पोरगी खुलली! दुसऱ्याच दिवशी उठून तिनं आंगण झाडलं. तिसऱ्या दिवशी गाणं म्हणत होती. मले वाटलं, चला, ही गोळी मानवली. वाटलं डॉक्टरले सांगावं का हीच लिहून द्या. इतकी बह्याड बाई मी.

तिसऱ्या दिवशी, तिची गोळी झाल्यावर, मी अंगणवाडीत लेकरायचं वजन करून राह्यली होती. नऊ वाजले असतील, ऊन तापलं होतं. शेजारची बाई पदर खोचून पळत आली. "अवं चाल, तुझी पोरगी पडली रस्त्यावर."

हायवेच्या कडेले, बाभळीखाली पडली होती. पायात बूट. बूट पाह्यल्याबरोबर मले समजलं का ती धावत होती. तोंड पांढरं, ओठ निळसर, आंग घामानं गार. चिमटा लावला तर त्यावर नुसत्या रेघा. आकडाच येईना. गावाले शिकवणारी मी, माझ्याच हातून चिमटा दोनदा खाली पडला. तिचे पाय उचलून माझ्या मांडीवर घेतले, तेवढंच सुचलं. ॲम्ब्युलन्सले फोन लावला, ती यात्रेत होती, यायले वेळ लागणार होता. जीप एक बी नाही. भाजीवाल्याच्या टेम्पोत टाकलं तिले, टमाट्याच्या क्रेटी रस्त्यावर उतरवून. तो माणूस हॉर्न दाबत गाडी मारत होता. मी तिच्या कानाशी ओरडत होती, "ऊठ वं माय, ऊठ, मी नाही काही म्हणत, ऊठ." देव आमी मानत नाही. त्या टेम्पोत मी कोणाले कोणाले हाका मारल्या, ते मले सांगता येणार नाही.

वाशिमच्या अलीकडं तिनं डोळे उघडले. वाशिमात सलाईन लावून अकोल्याले हालवलं. संध्याकाळपर्यंत ती बोलायले लागली.

डॉक्टरनं मले बाहेर बोलावलं. "गोळी चालू होती ना?"

मी पदराच्या गाठीतून पट्टी काढून त्याच्या हातात देल्ली. खोटं बोलायचं सुचलंच नाही. त्यानं पट्टी उलटी केली, नाव वाचलं, पुन्हा वाचलं.

"ही कोणी दिली?"

"मी."

तो खुर्चीवर बसला. मले बी बसायले सांगतलं. म्हणाला, ही गोळी ठोके हळू करत नाही, रक्ताच्या नळ्या सैल करते. ज्याचं बीपी वाढलं त्याला ती चांगली. पण हिच्या हृदयाची वाट आधीच अरुंद. नळ्या सैल झाल्या, आतलं रक्त कमी झालं, की ती वाट अजून बंद होते. त्यात मूळची गोळी एकदम थांबली, वर ऊन, वर धावणं. "थोडक्यात वाचली," म्हणाला. पट्टी माझ्या हातात परत देल्ली. "यापुढं फोन करत जा, ताई." बस, एवढंच. मी वाट पाहत होती का हा आता माझ्यावर ओरडन. माझी पिशवी काढून घेईन, पोलिसात देईन, काही तरी करन. तो दुसऱ्या पेशंटकडं गेला.

मी वॉर्डात गेली. सांगायचं ठरवूनच गेली होती. तिनं मले पाह्यलं न तिचे डोळे भरून आले. माझा हात धरला. किती महिन्यांनी धरला होता तो.

"आई, चूक माझी हाये. मी चोरून धावली. तीन दिवसांपासून भलतं हलकं वाटून राह्यलं होतं. पाय आपोआप उचलत होते. वाटलं, गोळी लागू पडली, बरी झाली मी. तुले दाखवायचं होतं का मी धावू शकतो." मंग हुंदका देऊन म्हणाली, "मले समजलं आता. नाही धावणार. कदीच नाही धावणार. ते हॉलतिकीट फाडून टाक."

हलकं वाटत होतं, कारण तिची गोळी तिच्या आंगातून उतरली होती. ते पाय मीच मोकळे केले होते तिचे. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. एक वाक्य होतं फक्त. पोरी, तू नाही, मी. पण ते वाक्य बोललं तर पुढं काय? ती म्हणन, म्हणजे धावण्यानं नाही झालं, गोळीनं झालं. मंग बरोबर गोळी खाऊन मी धावतो. अन् नाही तर म्हणन, आईच्या हातची गोळीच नको. दोन्हीत मले तिचं मरण दिसलं. अन् खरं सांगतो, तेवढंच नव्हतं. तिनं माझ्याकडं गुन्हेगारासारखं पाह्यलेलं मले नको होतं. त्यात आई किती न भित्री किती, ते मलेच नाही ठाऊक.

मी तिच्या केसांवरून हात फिरवला. म्हटलं, "जाऊ दे. झालं ते झालं."

तिनं माफी मागितली न मी ती घेतली.

आता ती घरी हाये. आपली गोळी खाते, बरोबर वेळेवर, मी नसली तरी खाते. हॉलतिकीट तिनं स्वतःच चुलीत टाकलं. मागच्या आठवड्यात त्या चौघी भेटायले आल्या. त्यातली एक ग्राउंडमधी पास झाली होती, पेढे घेऊन आली. माझीनं पेढा खाल्ला, तिले गळ्याशी लावलं, मंग सगळ्यायले समोर बसवून सांगायले लागली.

"माझं डोकं फिरलं होतं वं. आईनं पाण्याचा पेला घेऊन उभं राहून एक-एक गोळी खाऊ घातली मले. मीच धावून मातेरं केलं. तिच्या गोळीनंच वाचली मी, नाही तर बाबासारकी गेली असती. तुमी ऐकत जा आपापल्या आईचं."

पोरी माझ्याकडं वळून पाहत होत्या. पेढेवाली म्हणे, "काकू, नशीब लागते अशी माय भेटायले."

मी त्यायले चहा देल्ला.